बोटावरची भुलाबाई

माझ्या घरात मागच्या खोलीत एक कापणारं मशीन आहे. दिसायला प्रिंटरसारखं, पण ते छापत नाही, कापतं. कागद, पुठ्ठा, कापड, जे पुढ्यात ठेवाल ते. मोबाइलवर मांजर काढून दिली की आतल्या बारीक सुरीनं ते कापडातून मांजर कापून देतं, कान-शेपटीसकट. मशीन माझं नाही, माझ्या सुनेचं आहे. आता तिला सून म्हणायचं की नाही, हाही एक प्रश्नच आहे. आमच्या कॉलनीतल्या एका बाईंनी मागे फार हळुवार आवाजात विचारलं, "तुमच्या माजी सूनबाई कशा आहेत?" माजी आमदार ऐकला होता, माजी सरपंच ऐकला होता, माजी सून पहिल्यांदाच ऐकली. मी म्हटलं, "बऱ्या आहेत, पुढच्या निवडणुकीला उभ्या राहणार आहेत." तेव्हापासून त्या बाई भाजीच्या गाडीवर माझ्यापासून अंतर राखून उभ्या राहतात.

लॉकडाऊनमध्ये मुलगा आणि सून आपापले लॅपटॉप घेऊन पुण्याहून अमरावतीला आले आणि चांगली दीड-दोन वर्षं राहिले. नातीचा जन्म इथलाच. तेव्हा घर इतकं भरलेलं असायचं की मी वैतागून गच्चीवर जाऊन बसायची. सुनेनं हे मशीन त्याच काळात घेतलं, वाढदिवसाच्या सजावटी करायला. पुण्याला परत जाताना तिथल्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून ते इथंच राहिलं. पुढं त्या फ्लॅटमध्ये त्या दोघांनाही जागा पुरली नाही. का मोडलं, ते मी दोघांनाही वेगवेगळं विचारलं. दोघंही "जाऊ द्या आई" म्हणाले. एवढ्या एका उत्तरावर त्यांचं एकमत होतं.

सून पोरीला घेऊन माहेरी, अकोल्याला गेली. मुलगा पुण्यातच राहिला. त्यानं पोरीला कधी भेटायचं, सुट्टीत किती दिवस न्यायचं, हे सगळं दोघांनी समजुतीनं ठरवलं. आजीचं काय, हे ठरवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. अकोल्याला जायला मला कुणी बंदी केली नव्हती. अमरावतीहून बस सारखी असते, दोन-अडीच तासांचा रस्ता. पण बोलावल्याशिवाय विहिणीच्या दारात कोणत्या नात्यानं उभं राहायचं? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, शाळेतून निवृत्त होऊनही झाली, त्यामुळे एकटं राहायची मला सवय होती. नवीन होती ती भीती, आणि ती एकच होती. ही पोर मला विसरणार.

आणि ती विसरत चालली होती. सुनेचं मात्र कौतुक केलं पाहिजे, दर रविवारी सकाळी ती न चुकता व्हिडिओ कॉल लावून द्यायची. पण तीन-साडेतीन वर्षांचं पोर फोनवर काय बोलणार? ती मला अर्धा मिनिट कपाळ दाखवायची, मग छताचा पंखा, मग फोन गादीवर पालथा. अकोल्याची आजी रोज जवळ, म्हणून ती नुसती "आजी". मी आधी "अमरावतीवाली आजी" होते. बोलायला लांब पडतं म्हणून त्याचं "अमरावती" झालं. "मम्मी वं, अमरावतीचा फोन आला," असं ती ओरडायची. जन्मभर ज्या गावात राहिले ते गावच मी होऊन बसले होते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडले.

एका रविवारी फोन आला तेव्हा मी उशीचा अभ्रा शिवत होते आणि बोटात अंगुस्तान तसंच होतं. पोर पंख्याकडे वळणार तेवढ्यात मला काय वाटलं कोण जाणे, मी ते पितळी टोपण घातलेलं बोट कॅमेऱ्यासमोर नाचवलं आणि बारीक आवाज काढून म्हटलं, "काहून वं पोरी, मले राम राम नाई केला?"

पोर थांबली. फोनच्या इतकी जवळ आली की तिचं नुसतं नाक दिसायला लागलं. "तू कोन आहे?" तिनं बोटाला विचारलं.

त्या दिवशी ती बोटाशी इतका वेळ बोलली की शेवटी सुनेनंच फोन मागून घेतला.

मी लगेच सुनेला मेसेज केला: तुझं मशीन वापरू का? मला बोटावरच्या बाहुल्या करायच्या आहेत. उत्तर आलं, "वापरा. आधी कागदावर कापून बघा." पूर्वी तिचा प्रत्येक मेसेज "आई" पासून सुरू व्हायचा. आता तो थेट कामापासून सुरू व्हायचा. तिच्या बाजूनं बघितलं तर खरंच अडचण होती. आई म्हणावं तर नातं राहिलं नाही, आणि काकू म्हणायला जीभ वळत नसणार. तिनं काहीच न म्हणण्याचा मार्ग काढला होता.

तीस-बत्तीस वर्षं पोरींना गणित शिकवलेल्या बाईला हे मशीन काय जड जाणार, असं मला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं माझी जिरवली. कापड सुरीबरोबर गोळा होऊन आत ओढलं गेलं आणि मशीन कुरकुर करत बंद पडलं. नांदगाव पेठच्या कापडाच्या कारखान्यांतून निघालेले तुकडे आमच्याकडे किलोनं मिळतात; ते सुती तुकडे मी आणले होते. ते मऊ, सुरीपुढे उभेच राहत नव्हते. मी फोटो पाठवला. सुनेचं उत्तर: "मागून बकरम लावा. इस्त्रीनं चिकटतं ते." बकरम लावलं, तर कापड मशीनच्या चिकट मॅटवरून सरकलं. "मॅटवर ठेवल्यावर लाटण्यानं दाबा." लाटण्यानं दाबलं, तर कडा कातरलेल्याच नाहीत, नुसते ओरखडे. "दाब वाढवा. सुरी बोथट झाली असेल, डावीकडच्या खणात नवीन आहे." माझ्या घरातल्या डावीकडच्या खणात काय आहे, हे अकोल्याला बसून तिला पाठ होतं. दुपारभर आमचं असं चालायचं. एका घरात होतो तेव्हाही आम्ही इतक्या बोललो नव्हतो. पण बोलणं बकरमाच्या पलीकडे कधी गेलं नाही. एकदा मी विचारलं, तू कशी आहेस? निळी खूण आली, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मॅटचा चिकटपणा गेल्याचं लिहिलं, तर लगेच उत्तर: "साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा."

पहिला जमला तो कावळा. एक पाठ, एक पोट, चोच वेगळी. कडेनं हातानं काजाचा टाका घातला आणि बोट शिरायला खालचं तोंड मोकळं ठेवलं. मांजर आणि खारही केली, पण भाव खाल्ला कावळ्यानं. मी त्याला आमची वऱ्हाडी बोली दिली. शाळेत मी ती कधी तोंडाबाहेर येऊ दिली नव्हती. पुण्याच्या तपासणीसांसमोर तर नाहीच. कावळ्याला कोण तपासणार?

"तुह्या डब्यात काय होतं आज? मले काहून नाई ठेवलं?"

"तू काळा आहे. तू अंगणात जेव."

"काळा आहो म्हनून अंगणात? थांब, तुह्या मम्मीले सांगतो."

पोर खिदळायची. शाळेत कोणी ढकललं, आजीनं कोणती भाजी जबरदस्तीनं खायला लावली, रात्री कशाची भीती वाटते, हे सगळं तिनं कावळ्याला सांगितलं. मी ते माझ्याच बोटाच्या मागं बसून ऐकलं. आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पण फोन लागला की ती म्हणायची, "कावळा दे." एखाद्या दिवशी मी मुद्दाम आपला चेहरा पुढं केला तर चिडायची, "तू सरक ना, कावळा दिसून नाई राहिला." स्वतःच्याच तर्जनीचा मत्सर वाटणारी अमरावती जिल्ह्यातली मी एकटीच बाई असेन.

भाद्रपदाची पौर्णिमा झाली आणि सुनेचा मेसेज आला: "घरी भुलाबाई बसवली आहे. ती म्हणते, कावळ्याला बोलवा. जमलं तर या."

भुलाबाई आमच्याकडे कोजागिरीपर्यंत महिनाभर असते. ज्वारीच्या धांड्यांचं मखर करायचं, त्यात भुलाबाई आणि तिचा नवरा भुलोजी यांची मातीची मूर्ती ठेवायची, संध्याकाळी गल्लीतल्या पोरींनी जमून गाणी म्हणायची, आणि शेवटी बंद डबा वाजवून आतला खाऊ ओळखायचा. माझं माहेर अंजनगाव सुर्जीचं. तिथं आम्ही एका संध्याकाळी पाच-पाच घरं फिरायचो. रिकाम्या हातानं कसं जायचं? मी ठरवलं, पोरीसाठी बोटावरची भुलाबाई करायची. ही बाहुली माझ्या बोटाची नको, तिच्या बोटाची हवी. सुनेनं पोरीचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवला आणि फोटो पाठवला. मी त्या फोटोवरून मापं घेतली आणि कापून बघितलं, तर बाहुली पायाच्या अंगठ्यालाही ढिली. प्रमाण न लिहिलेल्या आकृतीला अर्थ नसतो, असं म्हणत मी किती पोरींचे गुण कापले असतील. सुनेनं शेजारी रुपयाचं नाणं ठेवून पुन्हा फोटो पाठवला.

मग मात्र मी जीव ओतला. भुलाबाईला हिरवं लुगडं आणि नाकात मोत्याचा मणी. भुलोजीला लाल फेटा; त्याचा मागं लोंबणारा शेमला इतका बारीक होता की तीनदा फाटला, चौथ्यांदा दाब कमी केला तेव्हा निघाला. मातीच्या मूर्तीत मांडीवर बाळ असतं, म्हणून करंगळीएवढं बाळही केलं. मातीची भुलाबाई आणि भुलोजी एकाच पाटावर चिकटून बसलेले असतात. मशीनवर ते वेगवेगळे कापावे लागले, कारण दोन बोटं दोन ठिकाणी असतात. यात काही विचार करण्यासारखं आहे, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. वऱ्हाडातल्या कुठल्याही आजीला यात काही वाटलं नसतं. भुलाबाई म्हटली की भुलोजी आलाच.

डोक्यात शिरलं ते मूर्तिजापूरच्या स्टँडवर. बस थांबली होती, मी सवयीनं पिशवी चाचपली. नवरा-बायको आणि मांडीवर बाळ. हा जोड मी घेऊन कुणाच्या घरी चालले होते? सून म्हणणार, म्हातारी टोमणा घेऊन आली. विहीण म्हणणार, मुलाची वकिली करायला आली. मग रविवारचा फोनही बंद होईल आणि कावळाही माझ्या बोटावर मुका होऊन बसेल. पिशवी खिडकीतून फेकून द्यावीशी वाटली. तेवढ्यात बस सुटली. मी त्या तिघांना पिशवीच्या तळाशी, टॉवेलखाली दडपलं. फक्त कावळा काढायचा, असं ठरवून मी अकोल्याला उतरले.

विहीणबाईंनी चांगलं स्वागत केलं. "या, बसा. बसमधी तरास नाई ना झाला? तुमच्या कावळ्यानं तं आमचं डोकं खाल्लं बापा. सकाळपासून कावळा कवा येते, कावळा कवा येते."

पोर सुनेच्या मागं लपून मला बघत होती. पोरीला मी ओळखीची वाटत नव्हते, हे मला लगेच दिसलं. तिनं सुनेच्या ओढणीतून विचारलं, "कावळा कुठी आहे?" मी बोटात कावळा घातला, बारीक आवाज काढला, आणि ती धावत आली. माझ्या गुडघ्याला टेकून ती बोटाशी बोलत बसली. इतक्या महिन्यांनी तिच्या केसांचा वास आला. तिनं मान वर करून माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

संध्याकाळी गल्लीतल्या पोरी आल्या. गाणी सुरू झाली. मी आणि विहीणबाई भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होतो, सून समयीत तेल घालत होती. नात कुठं गेली म्हणून बघते तर ती माझ्या पिशवीत अर्धी शिरलेली. मी उठेपर्यंत तिनं टॉवेल बाहेर फेकला होता.

"भुलाबाई!" ती ओरडली. "माह्या बोटाची भुलाबाई! अन् हा भुलोजी!"

गाणं थांबलं. विहीणबाईंची टाळी हातातच राहिली. सुनेनं तेलाची बुधली खाली ठेवली. मला त्या खोलीतून नाहीसं व्हावंसं वाटत होतं.

पोरीनं भुलाबाई उजव्या हाताच्या बोटात घातली. बाळ तिच्या शेजारच्या बोटात. भुलोजी डाव्या हातात. मग तिनं दोन्ही हात जितके लांब जातील तितके लांब केले.

"हे अकोल्याले राहते," ती उजवा हात हलवत पोरींना म्हणाली. "हा पुन्याले राहते."

एक मोठी पोर म्हणाली, "अवं, ते दोघं एकाच पाटावर राहतात. तिकडं मखरात पाह्य ना."

"ते मातीचे आहेत," नात म्हणाली. "हे नाई."

आणि तिनं डावा हात आणून उजव्याजवळ टेकवला, बाळाला भुलोजीशेजारच्या बोटात घातलं, थोडं नाचवलं, परत काढून भुलाबाईजवळ ठेवलं आणि हात पुन्हा लांब नेला. सुट्टी संपली. तिच्या चेहऱ्यावर दुःखबिःख काही नव्हतं. जग कसं असतं, ते ती समजावून सांगत होती. मी सुनेकडे बघितलं. ती पोरीकडे बघत होती, समईकडे तिचं लक्षच नव्हतं. पोरीनं आता उजव्या हाताचा मोकळा अंगठा वर केला. "हे माही आजी."

मला गप्प बसता आलं नाही. "अन् मी कुठी आहो?"

तिनं मान वर केली आणि माझ्याकडे नीट, पहिल्यांदाच बघितलं. "तू तं फोनमधी राहतं."

पोरी फिसकन हसल्या. विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मीही हसले, दुसरं काय करणार? नंतर डबा वाजवला गेला. आत शेंगदाण्याची चिक्की होती. मी पहिल्याच खडखडाटात ओळखली, पण लहान पोरींच्या आधी बोलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून मला फाटकापर्यंत पोचवायला आली. आता ती बोलणार, अशी माझी खात्री होती, आणि मी मनाशी माफीची वाक्यं जुळवत होते. ती थोडा वेळ फाटकाची कडी हलवत उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "तो फेट्याचा शेमला फसकला कसा नाही? बकरम दोन्हीकडून लावलं का?"

"एकाच बाजूनं. पण दाब कमी केला."

"हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "छान निघालाय."

तिनं आई म्हटलं, हे मला रिक्षात बसल्यावर कळलं.

पण बाहुल्या मी सगळ्या तिथंच ठेवून आले होते, कावळासुद्धा. पोर सोडेचना. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी केला तर सून म्हणाली, "ती खेळतेय हो, येतच नाही फोनवर." का येईल? कावळा आता तिच्या घरी होता आणि तिला त्याचा आवाजही काढता येत होता. मला स्वतःचा असा संताप आला की काय सांगू. जे एक बोट माझ्या हातात होतं, तेही मी कौतुकानं कापून देऊन आले होते. दिवाळीची साफसफाई काढली, पण कुणासाठी काढली ते कळेना, म्हणून अर्धवट सोडून दिली. त्या दिवसांत दूधवाल्याशी बोलले तेवढंच.

मग एका दुपारी मशीनवरचं झाकण काढलं आणि स्वतःलाच कापायला घेतलं. पांढऱ्या-करड्या तुकड्याचे केस. माझ्या जुन्या जांभळ्या साडीच्या पदराचं पातळ. चष्म्याच्या काड्या मशीनला काही केल्या निघेनात, तेव्हा त्या काळ्या दोऱ्यानं भरल्या. कंबर आधी बारीक केली होती. मग म्हटलं, पोर ओळखणार नाही, आणि रुंद करून पुन्हा कापली. आगपेटीएवढ्या खोक्यात घालून मी मला अकोल्याला पार्सल केलं.

रविवारी फोन आला. पोरच होती. तिच्या बोटावर मी होते, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ.

"पाह्य," ती म्हणाली, आणि बोट वाकवत माझ्या आवाजात बोलायला लागली. अगदी माझा, वर्गात हजेरी घेताना असायचा तो सूर. "हॅलो. जेवली का? काय जेवली? शाळेत गेलती का? आईले तरास नको देऊ. बरं, ठेवते मंग."

आणि तिनं मला बोटातून काढून टेबलावर ठेवलं.

झालं होतं. इतक्या महिन्यांच्या रविवारांतली मी एका दमात संपले होते. कावळ्याला केवढं बोलता यायचं! पोरीनं बाहुली परत उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि मला विचारलं, "अजून काय म्हनते हे?"

मी बारीक आवाज काढायला गेले, पण तो निघाला नाही. माझाच निघाला, जाडाभरडा.

"ते म्हनते," मी म्हटलं, "मले तुही लय याद येते."

पोरीनं बाहुली बोटात घातली. तिला स्वतःच्या तोंडासमोर धरलं. माझ्या सुरात, शब्द जपून टाकत, बाहुली तिला म्हणाली, "मले तुही लय याद येते."

पोर तिच्याकडे बघत राहिली. मग आपल्या स्वतःच्या आवाजात, तिला, माझ्याकडे न बघता, म्हणाली, "तं ये मंग."